धावता धावता शुद्ध हरपली तर: पुण्यातील एका खेळाडू-हृदयतपासणी सेवेचे परीक्षण

खेळाडूंच्या हृदयतपासणीसाठी पुण्यात साधारणपणे दोन प्रकारच्या सेवा मिळतात. पहिला प्रकार तपासणी केंद्रांच्या पॅकेजांचा असतो, ज्यात रक्ताच्या चाचण्यांच्या लांबलचक यादीला एक ईसीजी (हृदयातील विद्युत संदेशांचा आलेख) आणि एक टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) जोडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात हृदयरोगतज्ज्ञ स्वतः खेळाडूशी बोलतात, त्याला तपासतात आणि मग कोणत्या चाचण्या करायच्या ते ठरवतात. माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याच्या निमित्ताने आमच्या कुटुंबाला या दोन्ही सेवा घ्याव्या लागल्या. हे परीक्षण मुख्यतः दुसऱ्या सेवेचे आहे. पहिलीचा उल्लेख तुलनेपुरता येईल, कारण दोहोंमधला फरक समजल्याशिवाय दुसरीचे मोल ध्यानात येणार नाही. कर्वे रस्त्याच्या परिसरातील या केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. अल्पवयीन मुलाच्या आजाराची माहिती त्याच्या ओळखीसह उघड होऊ नये, अशी त्याच्या आईवडिलांची इच्छा आहे आणि ती योग्यच आहे. शिवाय पुढे जे निकष येतील ते वाचकाला आपल्या जवळच्या कोणत्याही केंद्राला लावून पाहता येतील.

भाचा आठशे मीटर धावतो. सणस मैदानावरच्या सरावात दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर, पूर्ण वेगात असताना तो कोसळला. हात टेकवण्याचीही संधी त्याला मिळाली नाही, त्यामुळे हनुवटी आणि गुडघे सोलवटले. काही क्षण हातपाय ताठरले, मिनिटभरात तो शुद्धीवर आला आणि ‘काय झालं?’ असे विचारू लागला. मैदानावर कोणी ऊन लागल्याचे सांगितले, कोणी रिकाम्या पोटी धावल्याचे, तर कोणी फिट आल्याचे. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी एका केंद्राचे पॅकेज घेतले. तिथे रक्त काढले गेले, ईसीजी झाला, इको झाला, आणि संध्याकाळी एका चकचकीत फायलीत सर्व अहवाल ‘नॉर्मल’ म्हणून हाती आले. ड जीवनसत्त्व कमी असल्याची तेवढी नोंद होती. या साऱ्या प्रक्रियेत मुलगा नेमका कधी आणि कसा पडला, हा प्रश्न त्याला कोणीही विचारला नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. अहवाल चुकीचे नव्हते. झोपून काढलेला ईसीजी खरोखरच निर्दोष होता, इकोही निर्दोष होता. मात्र ज्या स्थितीत मुलगा पडला, ती स्थिती कोणत्याच चाचणीत निर्माण केली गेली नव्हती. तरीही ‘सरावाला हरकत नाही’ असा शेरा त्या फायलीवर होता.

दुसऱ्या केंद्रातली भेट वेगळ्याच पद्धतीने सुरू झाली. पहिला बराच वेळ कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ बोलण्यात गेला. डॉक्टरांनी आम्हा मोठ्यांना आधी थांबायला सांगितले आणि मुलाला विचारले, “तू धावत असताना पडलास, की धावणं थांबवून उभा राहिल्यावर?” वरवर साध्या वाटणाऱ्या या प्रश्नावर बरेच काही अवलंबून असते, हे त्यांनी नंतर आम्हाला नीट उलगडून सांगितले. शर्यत संपवून खेळाडू एकदम थांबला, की पायांच्या स्नायूंचे आकुंचन थांबते. ते आकुंचन एरवी रक्त वर हृदयाकडे ढकलत असते. ते थांबले की रक्त पायांत साचते, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. अंतिम रेषा ओलांडल्यावर येणारी भोवळ बहुतांशी या प्रकारची असते. पाय उंच करून आडवे निजवले की ती ओसरते आणि पुढे धोका क्वचितच असतो. भर श्रमात, पाय चालू असताना शुद्ध हरपणे ही गोष्ट वेगळी आहे. त्या वेळी हृदय सर्वाधिक रक्त पुढे ढकलत असायला हवे. ते तसे ढकलत नसेल, तर एकतर रक्ताच्या वाटेत अडथळा आहे किंवा ठोक्यांची लय बिघडली आहे, असे धरूनच तपास सुरू करावा लागतो. ऊन, उपास, पाणी कमी पडणे ही कारणे मनात आणायची ती सर्वांत शेवटी.

प्रश्नांची मालिका पुढेही अशीच नेमकी होती. पडण्याआधी मळमळ, घाम, कानात गुणगुण असे काही जाणवले होते का? साध्या भोवळीत ही पूर्वसूचना सहसा मिळते, लय बिघडून पडणाऱ्याला अनेकदा मिळत नाही. छातीत दुखले होते का, धडधड झाली होती का? पोहताना कधी अडचण आली होती का? गजराच्या किंवा फोनच्या अचानक आवाजाने कधी चक्कर आली होती का? या शेवटच्या दोन प्रश्नांचे कारण मी मागाहून विचारले. क्यूटी अंतर म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदयातील विद्युत संदेश सुरू होऊन शमेपर्यंत लागणारा, ईसीजीवर मोजता येणारा वेळ. तो लांबण्याच्या आनुवंशिक विकाराचे काही प्रकार आहेत. त्यांतल्या एकात पोहणे आणि धावणे लय बिघडण्याला कारण ठरते, दुसऱ्यात दचकवणारा आवाज, तर तिसऱ्यात धोका झोपेत असतो. गेल्या काही आठवड्यांत ताप येऊन गेला का, हेही त्यांनी विचारले. विषाणूजन्य तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा स्थितीत जोरकस व्यायाम केल्यास घातक झटका येऊ शकतो. म्हणूनच हा आजार ठरला तर खेळाडूला तीन ते सहा महिने स्पर्धात्मक श्रमांपासून दूर ठेवले जाते. पावसाळ्यात ताप अंगावर काढून सरावाला जाणारी मुले आपल्याकडे कमी नाहीत आणि त्यांचे कौतुकही होते. ते थांबले पाहिजे. जिममध्ये मिळणारी उत्तेजक पावडर, एनर्जी ड्रिंक, चालू औषधे, दम्याचा त्रास या सर्वांचीही चौकशी झाली.

मग डॉक्टर माझ्या बहिणीकडे आणि मेहुण्यांकडे वळले. “घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं आहे का? बुडून, गाडी चालवताना, झोपेत?” मेहुण्यांनी क्षणभर थांबून सांगितले, की त्यांचा धाकटा भाऊ विशीच्या आत गावच्या विहिरीत बुडून गेला. पट्टीचा पोहणारा होता, पाय अडकला असावा असे सगळे म्हणाले होते. डॉक्टरांनी त्यावर कोणताही निष्कर्ष काढला नाही. फक्त कागदावर वंशावळ काढून त्या जागी खूण केली आणि ‘हे महत्त्वाचं आहे’ एवढेच ते म्हणाले. पॅकेजच्या छापील अर्जात कुटुंबाच्या इतिहासासाठी ‘मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार: होय किंवा नाही’ एवढीच जागा होती. विहिरीत बुडालेला काका त्या चौकटीत कधीच बसला नसता.

शारीरिक तपासणीत दोन्ही हातांचा रक्तदाब घेतला गेला, मांडीच्या नाडीची हाताच्या नाडीशी तुलना केली गेली आणि स्टेथोस्कोप मुलाला आडवे निजवून, उभे करून आणि पुन्हा उकिडवे बसवून लावला गेला. हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताच्या बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा आलेला असेल, तर त्याचा आवाज माणूस उभा राहिला की वाढतो आणि उकिडवा बसला की कमी होतो. एका मिनिटाची, फुकटची ही चाचणी आहे. उंची आणि हातांचा पसारा मोजणे, बोटांची लांबी आणि मनगटाची लवचिकता पाहणे हेही झाले. मार्फान या विकारात माणूस उंच आणि लांब हाताबोटांचा असतो, आणि हृदयातून निघणारी महाधमनी मुळाशीच रुंदावत जाते आणि फाटू शकते. उंचीमुळेच असे खेळाडू बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलमध्ये निवडले जातात, ही त्यातली क्रूर बाब. अमेरिकेची ऑलिंपिक रौप्यपदक विजेती व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन हिचे १९८६ साली जपानमध्ये सामन्यादरम्यान निधन झाले, ते याच कारणाने.

ईसीजीच्या बाबतीत या केंद्राची खरी ताकद कागद वाचण्यात आहे. नियमित सराव करणाऱ्याचे हृदय बदलते. विश्रांतीत ठोके पन्नासच्या खाली जातात, काही लहरी उंच दिसतात, विद्युत संदेश पोचायला किंचित उशीर होतो. यंत्र या प्रत्येक गोष्टीवर ‘अॅबनॉर्मल’ असा शिक्का मारू शकते, आणि तो पाहून घाबरलेले पालक निरोगी मुलाचा खेळ बंद करतात. उलट, खरोखर शंकास्पद असलेली गोष्ट ‘खेळाडूचे हृदय’ म्हणून सोडून दिली जाण्याचा धोकाही तितकाच असतो. यासाठीच खेळाडूंचा ईसीजी वाचण्याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत कोणते बदल सरावाचे आणि कोणते आजाराचे, हे स्पष्ट वेगळे केले आहे. डॉक्टरांनी आमचा जुना ईसीजी टेबलावर पसरून, क्यूटी अंतर यंत्राच्या आकड्यावर न विसंबता स्वतः मोजले, वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट विकारात (यात हृदयात जन्मतःच एक जादा विद्युतवाट असते) दिसणारी डेल्टा लहर नाही हे दाखवले, आणि सांगितले की स्नायू जाड होण्याच्या विकारात बहुसंख्य रुग्णांचा ईसीजी बिघडलेला असतो, त्यामुळे तो विकार इथे कमी संभवतो. त्यांचे पुढचे वाक्य मी लिहून घेतले होते: “याच्या ईसीजीतून काय नाही ते कळलं. काय आहे ते अजून कळलेलं नाही.”

इको त्यांनी पुन्हा केला, आणि इथे माझ्या मनात सुरुवातीला शंका आली, कारण पहिला इको होऊन फार दिवस झाले नव्हते. शंकेचे उत्तर पडद्यावरच मिळाले. जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, भिंतीची जाडी मोजण्याबरोबर त्यांनी दोन्ही हृदयधमन्या महाधमनीतून कुठे उगम पावतात हे शोधून दाखवले. काही जणांमध्ये जन्मतःच डावी हृदयधमनी चुकीच्या बाजूने निघते आणि दोन मोठ्या वाहिन्यांच्या मधून वाट काढते. श्रमात त्या वाहिन्या फुगल्या की ती दाबली जाऊ शकते. विश्रांतीत त्या खेळाडूला काहीच त्रास नसतो, ईसीजीही निर्दोष असतो. सडपातळ मुलांमध्ये हे उगम इकोत बहुधा दिसतात, पण पाहणाऱ्याने ते मुद्दाम पाहावे लागतात. पहिल्या अहवालात त्यांचा उल्लेखच नव्हता. भाच्याचे उगम योग्य जागी होते. तसे दिसले नसते, तर पुढची पायरी सीटी अँजिओग्राफीची असल्याचे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ट्रेडमिल चाचणी. पुण्यात ही चाचणी जागोजागी होते, परंतु ती प्रामुख्याने चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या धमन्यांतील अडथळा शोधण्यासाठी आखलेली असते. दोनशे वीसमधून वय वजा करून जो आकडा येतो, त्याच्या पंच्याऐंशी टक्के ठोके झाले की अनेक ठिकाणी पट्टा थांबवला जातो. रोज मैदानावर धावणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा अर्धवट श्रम झाला. या केंद्रात आधीच स्पष्ट केले गेले, की चाचणी आकड्यासाठी थांबवली जाणार नाही. मुलगा थकून ‘आता नाही’ म्हणेल किंवा पडद्यावर काही दिसेल तोपर्यंत ती चालेल. खोलीत डॉक्टर स्वतः पूर्ण वेळ उभे होते, विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारे यंत्र चालू स्थितीत शेजारी होते आणि हातात सलाईनची सुई आधीच लावून ठेवलेली होती. अशा तयारीशिवाय, श्रमात बेशुद्ध झालेल्या मुलाला ट्रेडमिलवर चढवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढत गेला. ठोके सव्वाशेच्या आसपास पोचेपर्यंत पडद्यावर सर्व सुरळीत होते. त्यानंतर एकेक जादा ठोका दिसू लागला. पुढच्या टप्प्यात ते जोडीने येऊ लागले, आणि मग काही क्षण एक ठोका वरच्या दिशेने, दुसरा खालच्या दिशेने, अशी आलटून-पालटून रांग उमटली. डॉक्टरांनी तत्काळ पट्टा थांबवून मुलाला निजवले. काही मिनिटांत ठोके उतरले तसे ते जादा ठोके एकेक करून नाहीसे झाले आणि ईसीजी पुन्हा पहिल्यासारखा स्वच्छ दिसू लागला. या विकाराचे लांबलचक नाव कॅटेकोलामिनर्जिक पॉलिमॉर्फिक व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया असे आहे, आणि डॉक्टर त्याला सीपीव्हीटी म्हणतात. हृदयाच्या पेशींत कॅल्शियमचा एक साठा असतो आणि दर ठोक्याला तो ठरावीक प्रमाणात उघडून बंद होतो. या विकारात त्या साठ्याचे दार नीट बंद राहत नाही. श्रमाने किंवा भीतीने अॅड्रेनलिन वाढले, की कॅल्शियम नको त्या वेळी झिरपते आणि जवनिकांमधून भलतेच ठोके सुटतात. हृदयाची रचना मात्र पूर्णपणे निकोप असते. म्हणूनच निजवून काढलेला ईसीजी आणि इको कितीही वेळा केला तरी निर्दोषच येतो. अशा मुलांच्या हातापायांना आलेला ताठरपणा पाहून त्यांना अपस्माराची औषधे सुरू होण्याचे प्रकारही घडतात. मेंदूला रक्त न पोचल्यानेही फिटसारखे झटके येतात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

निदानानंतरचे बोलणे ही या सेवेची आणखी एक जमेची बाजू. डॉक्टरांनी घाई केली नाही. बीटा ब्लॉकर गटातील (अॅड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम रोखणारे) औषध रोज, न चुकता घ्यायचे, दोन-चार दिवसांचा खंडही धोकादायक ठरू शकतो, प्रवासात जादा गोळ्या वेगळ्या पिशवीत ठेवायच्या, दम्याचा इतिहास असता तर या औषधाचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागला असता, असे सारे त्यांनी मुलाकडे पाहून सांगितले. औषधाची मात्रा स्थिरावली की पुन्हा ट्रेडमिल करून जादा ठोके दबले आहेत का ते पाहायचे, न दबल्यास फ्लेकेनाइड हे लय सांभाळणारे दुसरे औषध जोडता येते, आणि त्यानेही न भागल्यास छातीतील एका चेतातंतूवरची शस्त्रक्रिया किंवा शरीरात बसवायचे झटक्याचे यंत्र हे पर्याय असतात. स्पर्धात्मक धावणे तूर्त बंद. पोहणे एकट्याने कधीही नाही. मुलगा रडला, तेव्हा त्यांनी त्याला रडू दिले आणि मग म्हणाले, “आत्ता मी तुझं धावणं थांबवतोय. पुढे काय करता येईल, हे आपण औषधावरची चाचणी बघून एकत्र ठरवू.” त्यांनी खोटी आशा दाखवली नाही आणि दार कायमचे बंदही केले नाही.

या संदर्भात त्यांनी दोन खेळाडूंची उदाहरणे दिली, ती इथे नोंदवण्यासारखी आहेत. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलपटू हँक गॅदर्स डिसेंबर १९८९ मध्ये सामन्यात बेशुद्ध पडला. त्याच्या ठोक्यांची लय बिघडत असल्याचे निदान झाले, बीटा ब्लॉकर सुरू झाले, खेळावर परिणाम होतो म्हणून त्याची मात्रा पुढे कमी केली गेली, आणि ४ मार्च १९९० रोजी तो मैदानावरच कोसळून गेला. त्याचे वय अवघे तेवीस होते. दुसरे उदाहरण आपल्याकडचे. फुटबॉलपटू अन्वर अली याला २०१९ मध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार असल्याचे निदान झाले, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला खेळू देण्यास नकार दिला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि नंतर तो पुन्हा खेळू लागून २०२२ मध्ये भारताच्या संघातही आला. हे विकार वेगवेगळे आहेत आणि एकाचा निर्णय दुसऱ्याला लागू होत नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितले. निर्णयात खेळाडूचा आवाज असावा, पण तो धोक्याची पूर्ण माहिती घेतल्यानंतरचा असावा, असा त्यांचा रोख होता. बालेवाडीच्या क्रीडानगरीत नेमबाजीचा सराव करणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक सूचना: नेमबाजी आणि तिरंदाजीत बीटा ब्लॉकर हे उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांनुसार निषिद्ध औषध आहे. तिथे वैद्यकीय कारणासाठी रीतसर सूट मागावी लागते.

वंशावळीतली ती खूण निदानानंतर पुन्हा समोर आली. आईवडिलांपैकी एकाला हा विकार असल्यास तो मुलाकडे येण्याची शक्यता बहुधा निम्मी असते, त्यामुळे बहिणीची, मेहुण्यांची आणि धाकट्या भाचीची ट्रेडमिल चाचणी ठरली आणि भाच्याचे रक्त जनुकीय तपासणीसाठी पाठवले गेले. तो अहवाल हे लिहीपर्यंत आलेला नाही. काकाचा मृत्यू याच कारणाने झाला असे आज कोणी म्हणू शकत नाही.

आता उणिवा. एवढ्या जाणत्या केंद्रात अहवाल केवळ इंग्रजीत मिळतो. निदानाचे तोंडी स्पष्टीकरण उत्तम मराठीत झाले, पण ते घरी जाऊन आजीआजोबांना वाचून दाखवता येईल असा एक मराठी कागद हवा होता. शाळेला आणि प्रशिक्षकांना द्यायचे पत्र आम्हाला मागून घ्यावे लागले. त्यात मुलगा मैदानावर पडल्यास काय करायचे, याच्या सूचना नव्हत्या. त्या विनंती केल्यावर हाताने लिहून दिल्या गेल्या. हे पत्र प्रत्येक निदानाबरोबर आपोआप मिळाले पाहिजे. भेटीची वेळ ठरलेली असूनही बराच काळ थांबावे लागले, आणि प्रतीक्षागृहात वयस्कर रुग्णांमध्ये बसलेल्या मुलाच्या मनावरचा ताण स्पष्ट दिसत होता. खेळाडूंसाठी आठवड्यातला एक वेगळा वेळ ठेवणे या केंद्राला अवघड नसावे. जनुकीय तपासणीचा खर्च मोठा आहे आणि तो आधी सांगितला गेला, ही चांगली गोष्ट. परंतु ही तपासणी न परवडणाऱ्या कुटुंबाने काय करावे, याचे उत्तर मला अपुरे वाटले. एकूण खर्चाच्या दृष्टीने मात्र हे केंद्र पॅकेजपेक्षा महाग पडले नाही, कारण इथे एकही अनावश्यक रक्तचाचणी झाली नाही.

ही सेवा कोणी घ्यावी? भर श्रमात शुद्ध हरपलेल्या, श्रमात छातीत दुखणाऱ्या, किंवा घरात तरुणपणी अचानक मृत्यू झालेल्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने घ्यावी. तिथे दुमत संभवत नाही. कोणतेही लक्षण नसलेल्या सर्व खेळाडूंची तपासणी करावी का, यावर मात्र जगभर वाद आहे. इटलीत १९८२ पासून स्पर्धेआधी ईसीजीसह तपासणी बंधनकारक आहे, आणि तिथल्या व्हेनेतो प्रांतातील अभ्यासात १९७९ ते २००४ या काळात खेळाडूंच्या अचानक मृत्यूंचे प्रमाण वर्षाला लाखामागे ३.६ वरून ०.४ पर्यंत, म्हणजे ८९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. इस्रायलने १९९७ मध्ये अशीच सक्ती केली, पण तिथल्या अभ्यासात तसा फरक आढळला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशन सरसकट ईसीजीऐवजी चौदा मुद्द्यांच्या प्रश्नावलीवर आणि शारीरिक तपासणीवर भर देते. आमच्या अनुभवानंतर मला त्या प्रश्नावलीचे महत्त्व अधिक पटले आहे. भाच्याचा विकार इटलीतल्या साध्या ईसीजीतही निसटला असता, पण ‘धावताना पडलास का?’ या प्रश्नातून तो निसटला नसता. स्नायू जाड होण्याचा विकार पाचशेत एकाला असतो, आणि तो ईसीजीत बहुधा सापडतो, ही दुसरी बाजूही खरी आहे. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावण्याची तयारी करणारी, खोली घेऊन पुण्यात राहिलेली हजारो मुले यांपैकी कोणत्याच व्यवस्थेत येत नाहीत. त्यांचा ना संघ असतो, ना प्रशिक्षक. त्यांच्यापैकी कोणी सरावात पडला तर साखर-पाणी देऊन पुन्हा उभे केले जाते. निदान भरतीच्या अकादम्यांनी तरी ही प्रश्नावली भिंतीवर लावावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तपासणी कितीही चांगली झाली तरी काही विकार निसटणारच, म्हणून मैदानावरची तयारी हा या विषयाचा अविभाज्य भाग आहे. डॅनिश फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सनची वर्षानुवर्षे उत्तम तपासणी होत होती, तरीही १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये सामना सुरू असताना त्याचे हृदय बंद पडले. तो वाचला, कारण मैदानावरच छातीदाबन आणि विजेचा झटका तत्काळ मिळाला. विजेच्या झटक्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. केंद्रातील परिचारिकेने आमच्या सर्व कुटुंबाला बाहुलीवर छातीदाबन शिकवले: मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने छातीदाबन न थांबता चालू ठेवायचे. हे शिकवणे शुल्कात धरलेले नव्हते. आठवड्याभरात या परिचारिका भाच्याच्या प्रशिक्षकांनाही हेच शिकवून गेल्या, आणि यासाठी मी या केंद्राला मनापासून धन्यवाद देतो.

जाणाऱ्यांनी जुने सर्व ईसीजी मूळ कागदांसह न्यावेत, केवळ अहवालाचे पान नेऊ नये. पडतानाचे कोणाच्या मोबाइलवर चित्रीकरण असल्यास ते जरूर दाखवावे, आणि पडताना प्रत्यक्ष पाहणाऱ्या मित्राला किंवा प्रशिक्षकांना शक्यतो बरोबर घ्यावे. आईवडील दोघांच्याही घरच्या तरुण मृत्यूंची चौकशी ज्येष्ठांकडे आधीच करून ठेवावी. भेटीची वेळ घेताना ‘धावत असताना शुद्ध हरपली’ हे फोनवर पहिल्याच वाक्यात सांगावे. आम्ही तसे सांगितल्यावर पुढच्या आठवड्याची वेळ बदलून दुसऱ्या दिवशीची मिळाली, आणि तोपर्यंत सराव पूर्ण बंद ठेवण्याची सूचनाही त्याच फोनवर देण्यात आली.